चांदीचा चषक आणि पुण्याची कर्णधार

भरूचा हे आडनाव सुरतेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सुरत स्टेशनावरून बडोद्याकडे निघालेली गाडी अंकलेश्वर मागे टाकते, नर्मदेच्या पुलावर चढते, आणि पूल संपला की भरूच. या किनारपट्टीवरच्या पारशांनी आपली गावं आडनावात जपली. सुरती, नवसारीवाला, बिलिमोरिया, भरूचा. घराणी पुढे मुंबईला, पुण्याला गेली, पण गाव नावात राहिलं. ताप्ती मार्गाच्या गाडीनं जळगाव-धुळ्याहून येऊन लिंबायत, उधना, डिंडोलीत स्थिरावलेल्या खानदेशी माणसाला यात नवल वाटणार नाही. गाव सुटतं, गावाचं नाव सुटत नाही, हे त्याला स्वतःच्या घरातून ठाऊक असतं.

असंच भरूचा आडनाव लावणारी पुण्याची एक मुलगी भारताच्या महिला रग्बी संघाची कर्णधार झाली. तिचं नाव वाहबिझ भरूचा. शिक्षणानं आणि पेशानं ती फिजिओथेरपिस्ट. इतर देशांत एखादी खेळाडू राष्ट्रीय संघात येते तेव्हा तिच्या मागे दोन-तीन पिढ्यांचा इतिहास उभा असतो. जुन्या कर्णधार असतात, जुने पराभव असतात, क्लबांच्या भिंतींवर पिवळ्या पडलेल्या तसबिरी असतात. वाहबिझच्या मागे यातलं काहीच नव्हतं. भारतीय महिला रग्बीचा इतिहास आणि तिची कारकीर्द जवळपास एकाच लांबीची आहे, म्हणून एक सांगायला घेतलं की दुसरं आपोआप सांगितलं जातं.

पण रग्बीचा भारतातला इतिहास मात्र फार जुना आहे, आणि तो आधी सांगितला पाहिजे.

25 डिसेंबर 1872. नाताळचा दिवस, कलकत्ता. एका बाजूला इंग्लंडचे वीस जण, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस. सामना इतका रंगला की आठवड्यानं पुन्हा खेळवला गेला आणि जानेवारी 1873 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. 1874 साली हा क्लब लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनचा सभासदही झाला. मग ओहोटी लागली. कलकत्त्याची दमट हवा या धसमुसळ्या खेळाला मानवेना. 1876 मध्ये 'बफ्स' ही पलटण शहरातून हलली आणि तिच्याबरोबर बरेच खेळाडू गेले. क्लबात फुकट मिळणारी दारू बंद झाल्यावर सभासद पांगले. उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लब मोडायचं ठरलं तेव्हा बँकेत थोडी रक्कम शिल्लक होती. जेम्स रॉथनी या पदाधिकाऱ्यानं सुचवलं की ती मेजवानीत उडवू नये, तिचं काहीतरी टिकाऊ करावं. बँकेतून चांदीचे रुपये काढले गेले, सुमारे 270. ते वितळवून भारतीय कारागिरांनी एक चषक घडवला. त्याचे तीन कान म्हणजे फणा काढलेले तीन नाग, आणि झाकणावर हत्ती.

हाच तो कलकत्ता कप. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी झुंजत आले आहेत. पहिला सामना एडिंबरोला झाला आणि बरोबरीत सुटला. रग्बीतल्या सगळ्या आंतरराष्ट्रीय चषकांमध्ये हा सर्वांत जुना. चांदी आपली, कारागीर आपले, नाग आणि हत्तीही आपले. मैदान मात्र फार काळ आपलं झालं नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यानं 1924 पासून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, पण त्या जिमखान्याच्या सभासदत्वाचं दार स्वातंत्र्य मिळेपर्यंत भारतीयांना बंद होतं. पुढे लष्करानं, पोलिसांनी आणि कलकत्ता-मुंबईच्या काही क्लबांनी हा खेळ जिवंत ठेवला. पुरुषांचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर उतरायला 1998 साल उजाडलं. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता, आणि तोच पुढे भारतीय रग्बी महासंघाचा अध्यक्ष झाला.

बायकांचं काय?

त्यांना तर जगातच कुणी विचारत नव्हतं. आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या शाळेत 1887 च्या सुमारास एमिली व्हॅलेंटाइन नावाची दहा वर्षांची मुलगी भावांच्या संघात एक गडी कमी पडला म्हणून मैदानात घुसली आणि चेंडू घेऊन पळाली, असं तिनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यानंतर जवळजवळ शतकभर शांतताच होती म्हणायची. देशाविरुद्ध देश असा महिलांचा पहिला सामना झाला 13 जून 1982 रोजी, उट्रेक्टला. फ्रान्सनं नेदरलँड्सला 4-0 असं हरवलं. पहिला महिला विश्वचषक 1991 च्या एप्रिलमध्ये वेल्समध्ये झाला, आणि तो कुठल्या संस्थेनं नव्हे, चार खेळाडू बायकांनी भरवला. डेबोरा ग्रिफिन, स्यू डॉरिंग्टन, अॅलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ. बारा संघ आले. सोव्हिएत संघाला परकीय चलन देशाबाहेर नेता येत नव्हतं, म्हणून त्या मुली खर्चासाठी विकायला व्होडका, कॅव्हिआर आणि बाहुल्या सोबत घेऊन आल्या. अंतिम सामन्यात अमेरिकेनं इंग्लंडला 19-6 असं हरवलं. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळानं मात्र या स्पर्धेला विश्वचषक म्हणायलाही नकार दिला होता. ती मान्यता मिळाली 2009 साली, तब्बल अठरा वर्षांनी.

2009 हे साल इथे लक्षात ठेवायला हवं. त्याच वर्षी मार्चमध्ये दुबईला महिलांचा पहिला 'सेव्हन्स' विश्वचषक झाला. सेव्हन्स म्हणजे एका बाजूला सात जणी आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. ऑक्टोबरमध्ये कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2016 च्या रिओ ऑलिंपिकसाठी सेव्हन्स रग्बी स्वीकारली. आणि त्याच 2009 मध्ये भारताच्या मुलींचा संघ पहिल्यांदा परदेशी संघांसमोर उभा राहिला. कलकत्त्याच्या त्या नाताळपासून मोजलं तर 137 वर्षांनी.

या पहिल्या पिढीत पुण्याच्या मुली ठळकपणे होत्या. वाहबिझ त्यांच्यातलीच. पुढे भारतीय संघाचं नेतृत्व करणारी नेहा परदेशीही पुण्याचीच. पुण्याची या बाबतीत परंपरा जुनी आहे. 1973 साली महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यातच झाली. संघ तीनच होते, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीनच वर्षांनी बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध भारतीय महिलांनी पहिली कसोटी खेळली आणि त्या संघात डायना एडुलजी ही आणखी एक पारशी मुलगी होती. क्रिकेटला रस्ता सापडायला तीन वर्षं लागली. रग्बीचा रस्ता मात्र लांबचा निघाला.

त्याला कारण होतं. क्रिकेट घराघरात होतं. मुलीनं खेळावं की नाही यावर वाद होई, पण खेळ काय आहे हे कुणाला सांगावं लागत नसे. रग्बीचं नाव काढलं की पहिला प्रश्न येई तो हाडं मोडण्याचा. दुसरा प्रश्न, हे अमेरिकेतलं हेल्मेटवालं का? तेही नव्हे. अंडाकृती चेंडू, पंधरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन पुढे कितीही धावा, पण सोबतीणीला हातानं द्यायचा तर मागेच द्यायचा. पुढे जायचं असेल तर मागे कुणीतरी धावत असलंच पाहिजे, हा या खेळाचा पाया. समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू लाथाडला तर आणखी दोन. प्रतिपक्षाच्या मोठ्या चुकीनंतर मिळालेली पेनल्टी खांबांमधून गेली तर तीन.

आणि टॅकल. मराठी माणसाला ती समजावण्याची सोपी वाट कबड्डीतून जाते. चढाई करणारी मध्यरेषेकडे झेपावते आहे आणि कोपऱ्यातली तिच्या मांड्यांना मिठी मारून तिला खाली आणते, ती पकड डोळ्यांसमोर आणा. फक्त इथे समोरची पूर्ण वेगानं साठ मीटर धावत आलेली असते. भारतात रग्बी शिकवणाऱ्यांना हे फार लवकर उमगलं. कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या शर्यतीतल्या मुली या खेळात भराभर रुळतात. पकडीची भीती त्यांच्या अंगातून आधीच गेलेली असते, आणि झुकांडी देऊन निसटणं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुली सेव्हन्समध्ये उतरल्या. सुवर्णपदक कझाकस्तानला गेलं. भारत फार खाली राहिला, आणि त्यात धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. जपान, हाँगकाँग, कझाकस्तान या संघांच्या पाठीशी नियमित सामने, पूर्णवेळ प्रशिक्षक, व्यायामशाळा असं सगळं होतं. आपल्याकडच्या मुली कॉलेज आणि नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ मैदान गाठत. वाहबिझनं फिजिओथेरपीचं शिक्षण घेतलं, त्यात पुढे काम केलं आणि खेळत राहिली. तिच्या पेशात दुसऱ्यांचे गुडघे आणि खांदे दुरुस्त करायचे, आणि खेळात आपले पणाला लावायचे. भारतात महिला रग्बीवर पोट भरत नाही. इतकी वर्षं जी खेळली ती आवडीवर खेळली, हे तिच्या कारकिर्दीबद्दल बोलताना विसरता कामा नये.

दरम्यान पुण्यापासून फार दूर, ज्यांच्या घरी रग्बी हा शब्दही पोचला नव्हता अशा ठिकाणी खेळाची मुळं रुजत होती. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतला मुलांचा संघ 2007 मध्ये लंडनची शालेय स्पर्धा जिंकून आला होता. मग तिथल्या मुलीही खेळू लागल्या. जाजपूर जिल्ह्यातून या शाळेत आलेली सुमित्रा नायक त्यांतलीच. 2016 मध्ये दुबईला आशियाई स्पर्धेत अठरा वर्षांखालच्या मुलींनी कांस्यपदक जिंकलं, तेव्हा संघाची कर्णधार तीच होती. उत्तर बंगालात जलपैगुडीजवळच्या सरस्वतीपूर चहाच्या मळ्यात, कोलकात्याच्या 'जंगल क्रोज' मंडळींनी चेंडू नेला आणि मळ्यातल्या मजूर कुटुंबांमधून संध्या राय हिच्यासारख्या खेळाडू पुढे आल्या. बिहारमध्ये बाढजवळच्या गावातली स्वीटी कुमारी धावपटू होती, नालंदा जिल्ह्यातली श्वेता शाही शेतकऱ्याच्या घरातली. पुण्याची कर्णधार, ओडिशाची किकर, बिहारची धावणारी, बंगालच्या मळ्यातली टॅकल करणारी, असा संघ हळूहळू जुळत आला. हिंदी, ओडिया, मराठी, सादरी, सगळ्या भाषा एका बसमध्ये. अशा संघाची कर्णधार होणं म्हणजे नुसती नाणेफेक जिंकणं नव्हे.

एवढं होऊनही भारतीय महिला खेळत होत्या ते सेव्हन्सच. पंधरा जणींचा, म्हणजे मूळचा पूर्ण खेळ, त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. त्याची कारणं व्यवहारी आहेत. सेव्हन्सला बारा जणींचा चमू पुरतो, पंधराच्या खेळाला तेवीस लागतात. त्यात 'स्क्रम' असतो. आठ जणी खांद्याला खांदा भिडवून समोरच्या आठ जणींना रेटतात. तिथे पहिल्या रांगेत उभं राहणाऱ्या तिघींची मान आणि पाठ त्यासाठी खास तयार करावी लागते, नाहीतर गंभीर दुखापत होते. आणि ऑलिंपिकला, आशियाई स्पर्धेला फक्त सेव्हन्स आहे, म्हणून सरकारी पैसाही तिकडेच जातो. या साऱ्यात चूक कुणाची म्हणावी अशी नाही. पण परिणाम असा झाला की राष्ट्रीय संघ उभा राहिल्यानंतर नऊ वर्षं भारतीय महिलांनी खरा, ऐंशी मिनिटांचा आंतरराष्ट्रीय सामना खेळलेलाच नव्हता.

तो दिवस जून 2018 मध्ये सिंगापूरला आला. आशियाई महिला स्पर्धेचा पहिला विभाग, म्हणजे जपान-हाँगकाँगच्या खालची पायरी. भारत यजमान सिंगापूरकडून हरला आणि फिलिपिन्सकडूनही. पण दुसऱ्या पराभवापर्यंत मुलींना कळून चुकलं होतं की आपण या मैदानावर परक्या नाही.

वर्षभरानं हाच विभाग फिलिपिन्समध्ये भरला, मनिलाच्या दक्षिणेला लागुना प्रांतात कालांबा इथे. भारताची कर्णधार वाहबिझ भरूचा. चार संघ होते, चीन, फिलिपिन्स, सिंगापूर आणि भारत. पहिला सामना यजमानांशी, आणि तो भारतानं 27-32 असा गमावला. पाच गुणांचं अंतर म्हणजे एक ट्राय. हे हरणं पहिल्या वर्षाच्या हरण्यापेक्षा जास्त जिव्हारी लागणारं. दुबळा संघ मोठ्या फरकानं हरला तर रात्री झोप लागते. एका ट्रायनं हरला तर लागत नाही. तिसऱ्या क्रमांकासाठी आता समोर सिंगापूर होतं, ज्यांनी आदल्या वर्षी भारताला त्याच्या पहिल्याच सामन्यात हरवलं होतं.

22 जून 2019. ऐंशी मिनिटांचा सामना संपत आला तेव्हा फलक सिंगापूरच्या बाजूनं होता, 19-18. एका गुणानं मागे. शेवटच्या क्षणांत भारताला पेनल्टी मिळाली. अशा वेळी कर्णधारापुढे पर्याय असतात. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर मारून लाइनआउट, म्हणजे तिथून आत होणारी फेक, घ्यायचा आणि ट्रायसाठी धडक द्यायची, स्क्रम मागायचा, किंवा खांबांकडे बोट दाखवायचं. खांबांकडे बोट दाखवणं म्हणजे सगळा भार एकीच्या पायावर टाकणं. तो पाय एकोणीस वर्षांच्या सुमित्रा नायकचा होता. चेंडू जमिनीवर उभा केला गेला. बाकीच्या चौदा जणींना आता करण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं पाहत राहायचं होतं. रग्बीतला हाच क्षण सर्वांत अवघड, कारण इतका वेळ एकमेकींच्या अंगाखांद्यावर चालणारा हा खेळ अचानक एकीला एकटी सोडतो.

चेंडू खांबांमधून गेला. 21-19.

पंधरा जणींच्या आंतरराष्ट्रीय रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिला विजय. कांस्यपदकही मिळालं. सामना संपताच मैदानात एकमेकींवर कोसळून रडणाऱ्या-हसणाऱ्या मुलींची चित्रफीत त्या आठवड्यात देशभर फिरली, आणि ज्यांनी आयुष्यात रग्बीचा चेंडू पाहिला नव्हता त्यांनीही ती पाहिली. त्याच वर्षी स्वीटी कुमारीला महिला रग्बीला वाहिलेल्या 'स्क्रमक्वीन्स' या संकेतस्थळानं वर्षातली सर्वोत्तम तरुण आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून निवडलं.

यानंतर लगेच सुगी यायला हवी होती. आली ती करोनाची साथ. ज्या खेळात माणसाला माणूस भिडल्याशिवाय सरावही होत नाही, त्याला अंतर राखण्याचा नियम म्हणजे कुलूपच. पुढे 2022 मध्ये जाकार्ताला आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत भारतीय मुलींनी रौप्यपदक मिळवलं. अंतिम सामन्यात थायलंड भारी पडलं. तोवर कर्णधारपद दिल्लीच्या शीतल शर्माकडे गेलं होतं. 2023 च्या हांगझो आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत सातवा आला. त्या बारा जणींमध्ये कल्याणी पाटील आणि वैष्णवी पाटील या दोघी कोल्हापूरच्या. महाराष्ट्राची रग्बी पुण्याच्या बाहेर पडून तांबड्या मातीच्या मुलखात पोचल्याची ही खूण मला त्या सातव्या क्रमांकापेक्षा मोठी वाटते.

सुरतेच्या वाचकाला यात आपलं काय, असं वाटू शकेल. 2022 साली 36 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाल्या, सहा शहरांत वाटून. सुरतेच्या वाट्याला टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि किनाऱ्यावरचे व्हॉलीबॉल-हँडबॉल आले. टेबल टेनिसमध्ये गुजरातच्या पुरुष संघानं सुवर्ण जिंकलं तेव्हा त्यात सुरतेचे हरमीत देसाई आणि मानव ठक्कर होते, आणि शहरानं ते डोक्यावर घेतलं. रग्बी झाली अहमदाबादला. तिथे महिलांच्या अंतिम फेरीत ओडिशानं सुवर्ण आणि महाराष्ट्राच्या मुलींनी रौप्य मिळवलं. सुरतेत लाखोंनी मराठी माणसं राहतात. आपल्या राज्याच्या मुली चार-पाच तासांच्या अंतरावर अंतिम सामना खेळल्या, ही बातमी त्यांच्यापैकी फार थोड्यांपर्यंत पोचली असेल. यात त्यांचा दोष नाही. वर्तमानपत्रांनी त्या रौप्यपदकाला किती जागा दिली, हे ज्यानं त्यानं जुने अंक काढून पाहावं.

अजून कमतरता मोठी आहे. जून 2025 मध्ये मुंबईत सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली, परदेशी खेळाडू आले, दिवे लागले. ती पुरुषांची होती. त्याच वर्षी 27 सप्टेंबरला लंडनच्या ट्विकेनहॅमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडनं कॅनडाला 33-13 असं हरवलं आणि तो पाहायला 81,885 माणसं बसली होती. 1991 ची मान्यता नसलेली स्पर्धा भरवणाऱ्या चौघींपैकी डेबोरा ग्रिफिन त्याच वर्षी इंग्लंडच्या रग्बी युनियनची पहिली महिला अध्यक्ष झाली. चौतीस वर्षांत तिथे हे घडलं. आपल्या मुलींना पंधरा जणींचे सामने नियमानं मिळाले, वर्षाकाठी चार-पाच तरी मिळाले, तर आपल्याकडेही घडेल. कालांबानं ते दाखवून दिलं आहे. तिथे धैर्य कमी पडलं नव्हतं, कौशल्यही कमी पडलं नव्हतं. कमी होते ते सामने.

ऑगस्ट 2025 मध्ये बिहारच्या राजगीरला वीस वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा झाली आणि भारताच्या मुलींनी उझबेकिस्तानला 12-5 असं हरवून कांस्यपदक घेतलं. वाहबिझच्या पिढीनं 2009 मध्ये भारताचा अंगरखा पहिल्यांदा अंगावर चढवला, तेव्हा या मुलींमधली मोठ्यात मोठी चार वर्षांची होती.